न फेकलेली थाळी

ती फिर्याद आजही माझ्या डोक्यातून जात नाही. तशी साधीच होती. कारागृहातल्या एका कैद्याने पहाऱ्यावरच्या शिपायाला जेवणाची थाळी फेकून मारली, शिपायाच्या कपाळाला चार टाके पडले, सरकारी कामात अडथळा आला. असले गुन्हे आमच्या ठाण्यात अधूनमधून येत. तीन जबाब, एक पंचनामा, एक वैद्यकीय दाखला, की दोषारोपपत्र तयार. फरक एवढाच होता की हा कैदी फाशीचा होता.

त्याने नात्यातल्याच घरात शिरून नवरा, बायको आणि त्यांचे पाच वर्षांचे लेकरू मारले होते. त्याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती, त्याच्या वकिलाच्याही नसावी. सत्र न्यायालयाने फाशी दिली होती. ती कायम करायची की नाही, हे उच्च न्यायालयापुढे होते. तोवर तो आमच्या शहरातल्या कारागृहात, वेगळ्या कोठडीत, चोवीस तास नजरेखाली.

मी पंचनाम्याला गेलो. कोठडीबाहेर फरशीवर वरणाचे डाग होते. थाळीच्या काठाला रक्त होते. कैद्याला विचारले, तो गजांमागून म्हणाला, "व्हय साहेब. मारली."

एवढेच. का मारली, यावर खांदे उडवले. शिपायाचा जबाबही सरळ होता. फुलंब्रीकडचा गडी, घरात मेंढरे, हा एकटा सरकारी नोकरीत लागलेला. बोलताना सारखा कपाळाच्या पट्टीला हात लावत होता. मी मनात म्हटले, पंधरा दिवसांत कागद कोर्टात.

तिसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून बाहेर आलो, तर ठाण्याच्या बाकावर साध्या कपड्यांत एक वयस्कर माणूस बसलेला. आमचा अंमलदार म्हणाला, तासभर झाला, काम विचारले तर सांगत नाहीत. मी ओळखले. त्याच पहाऱ्यावरचे हवालदार. करमाडकडचे शेतकरी घराणे, नोकरीची दोन वर्षे उरलेली. आत बोलावले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चहाला नाही म्हणाले.

"साहेब, ती थाळी आत गेलीच नव्हती."

"म्हणजे?"

"मी मागल्या भिंतीकडनं येत होतो. त्यानं सोताच उचलली आन सोताच्या कपाळावर हाणली. दोनदा. पहिल्यांदा रगत नाय निघालं."

"कुणी? शिपायानं?"

"मग काय मी हाणून घेतली व्हय?"

मी विचारले, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितले? त्यांनी सरळ उत्तर दिले. "पोरगं आपल्या खात्याचं हाय. वाटलं, मिटंल. आता कळलं की कागद वर चाललाय." मग म्हणाले, "मला त्या हलकटाची दया नाय, साहेब. दोन वर्षं त्याला बघतोय. फाशी व्हायलाच पायजे, लेकरू मारलंय त्यानं. पर त्यानं केलं त्याचं द्या. न फेकलेल्या थाळीचं नको."

कागद वर चालला होता, हे खरे होते. आदल्याच दिवशी कारागृहाच्या कार्यालयातून मला पत्र आले होते. फाशी कायम करण्यापूर्वी कैद्याची कोठडीतली वर्तणूक कशी आहे, सुधारण्याची काही शक्यता आहे का, याचा अहवाल उच्च न्यायालयाने मागवला होता. त्या अहवालात जोडण्यासाठी त्यांना आमच्या गुन्ह्याची सद्यस्थिती हवी होती. दोन वर्षांत त्या कैद्याच्या नावावर एकही तक्रार नव्हती. आणि नेमकी आता ही एक. पहारेकऱ्याचे डोके फोडणारा माणूस सुधारेल, असे कुठले न्यायालय म्हणेल?

मला चित्र स्पष्ट दिसले. कुणीतरी त्याची फाशी पक्की करू पाहत होते, आणि त्यासाठी शिपायाने स्वतःचे कपाळ फोडून घेतले होते. मयताचे नातेवाईक असतील, कुणाचे सांगणे असेल, किंवा नुसता राग. मला संताप आला. अंगावर वर्दी असलेल्या माणसाने खोट्या कागदाने कुणाला दोरापर्यंत नेणे, हा मला खुनाहून लहान गुन्हा वाटत नाही, आणि मी ते तेव्हाही मोठ्याने बोलत असे.

दुपारी शिपायाला बोलावले. तीन तास बसवले. कुणाच्या सांगण्यावरून केलेस? मयताच्या घरचे कुणी भेटले का? त्याने तुला शिवी दिली? तुझ्या घरात कुणी तसे मेले आहे का? तो एकाही प्रश्नाला उत्तर देईना. चौकशीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटे बोलणारा माणूस उत्तरे जास्त देतो. हा गप्प होता आणि घाबरलेलाही नव्हता. उलट त्याच्या तोंडावर एक समाधान होते, आणि त्याने माझे डोके आणखी फिरले.

शेवटी मी ते पत्र त्याच्यापुढे टाकले. "वाच. तुझ्या पराक्रमाची फळं."

त्याने वाचले. पुन्हा वाचले. मग बोटाने एका ओळीवर थांबून म्हणाला, "साहेब, हे आपल्या केसचं जजसाहेबापुढं जाणार?"

"जाणार."

"आन त्यावरून फाशी ठरवणार?"

"त्यावरूनही."

"पर दुसरी केस चालू असली की फाशी थांबती ना?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"कोण म्हणालं तुला?"

"समद्यांनाच ठाव हाय. आमच्या लायनीत कुणालाबी इचारा. आरोपी दुसऱ्या केसमधी कोर्टाला पायजे असला तर त्याला लटकवता येत नाय. केस धा-धा वर्षं चालत्यात." त्याने बोट मागे घेतले. "म्हनून तर मी..."

तीन तास मी शत्रू शोधत होतो आणि समोर बसला होता त्या कैद्याचा एकमेव हितचिंतक. त्याचे ऐकीव ज्ञान अगदीच खोटे नव्हते. दुसरा खटला प्रलंबित असेल तर अंमलबजावणी लांबवण्याचा मुद्दा वकील काढतात. पण तो टप्पा फार पुढचा, फाशी कायम झाल्यानंतरचा. आत्ता प्रश्न होता फाशी कायम करायची का, आणि तिथे याने वाचवायला टाकलेला कागद गळफास ठरणार होता.

मी विचारले, "तीन जीव घेणाऱ्या माणसाचा एवढा कळवळा का रे?"

तो पट्टीशी खेळत म्हणाला, "कळवळा नाय, साहेब. त्यानं केलं ते मला म्हाईत हाय. पर आमच्यात जे जनावर खाटकाला द्यायचं असतं, त्याला नाव ठेवत नाय. नाव ठेवलं की देववत नाय. ह्याचं नाव तर मला रोज घ्यावं लागतं. मोजणीला सकाळी, मोजणीला संध्याकाळी. दोन वर्षं. मी नाव घेतो, तो 'हजर' म्हन्तो."

फाशीची मागणी करणाऱ्या मोर्चांना मी बंदोबस्त दिला आहे. फाशी नको म्हणणाऱ्यांची निवेदनेही स्वीकारली आहेत. दोन्हीकडच्या घोषणा मला पाठ आहेत. एकाही फलकावर या शिपायासारख्या माणसाचा उल्लेख मी पाहिला नाही. न्यायाधीश निकाल लिहून घरी जातात. दयेचा अर्ज दिल्लीला जातो. आणि आपण सगळे मिळून ज्याला मारायचे ठरवले आहे, त्याने आज नीट जेवण केले का, त्याला ताप आहे का, त्याने स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट तर केले नाही ना, हे पाहायला आपण एक शिपाई ठेवतो. मरेपर्यंत जगवायचे, हे त्याचे काम. त्याने त्यात गोंधळू नये अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मी कारागृहात जाऊन कैद्याचा जबाब पुन्हा घेतला. खोटे का बोललास, विचारले. म्हणाला, "त्या शिपायांनी सांगितलं, हो म्हण. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडं काय मागितलं." त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसला, असे लिहिले तर वाचकांना बरे वाटेल. मला तसे काही दिसले नाही. तो अंगावरची माशी हाकलत होता.

आता निर्णय माझा होता. फिर्याद टिकत नसेल तर तपासी अधिकारी न्यायालयाला समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतो. 'क' समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद, धड खरी नाही, धड खोटी नाही. 'ब' समरी म्हणजे जाणूनबुजून दिलेली खोटी फिर्याद. 'क' लिहिली तर शिपायाची नोकरी वाचण्यासारखी होती, पण कैद्याच्या अहवालात तो संशय तसाच राहणार. 'ब' लिहिली तर कैद्यावरचा डाग पूर्ण पुसला जाणार आणि शिपाई संपणार.

हवालदार आणि शिपाई दोघांनाही माझ्या खोलीत बोलावून मी हे स्पष्ट सांगितले. तसे करणे नियमात बसत नव्हते. मला वाटले, हवालदार 'ब' म्हणतील. दाराशी उभे राहून ते म्हणाले, "क लिवा, साहेब. ह्याच्या दोन लेकी हायेत."

शिपाई हसला. "आता दया आली व्हय काका? परवा तर पाहिलेलं समदं सांगत आलते."

"गप ये. तुझ्यासाठी बोलतोय, त्याच्यासाठी नाय."

"क लिवलं तर त्याच्या कागदावर राहतं ना?" शिपायाने मला विचारले.

"राहतं."

"मग ब लिवा."

"अरे येड्या, त्या खुन्यासाठी घर बुडवतोस का?" हवालदार ओरडले. बाहेरचा अंमलदार डोकावून गेला.

"फोडलं कुणी कपाळ, काका? मी का त्यानं?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी 'ब' लिहिली. शिपाई आधी निलंबित झाला, मग बडतर्फ. खात्याच्या चौकशीत हवालदारांनी साक्ष दिली, पाहिले तेवढेच सांगितले, आणि बाहेर येऊन रडले असे मी ऐकले. पुढे उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. निकालपत्र मी मागवून वाचले. कारागृहातल्या वर्तणुकीवर त्यात एक ओळ होती. ती ओळ वेगळी असती तर काय झाले असते, हे त्या पानांवरून मला ठरवता आले नाही.

निकाल सांगायला मी फुलंब्रीच्या पुढे त्या शिपायाच्या गावी गेलो. भावाच्या मेंढरांमागे तो माळावर होता. काठी बगलेत धरून त्याने सगळे ऐकले. मला वाटले, आनंद होईल. तो म्हणाला, "बरं झालं." मग मेंढरांकडे पाहत विचारले, "साहेब, त्या मेलेल्या लेकराची आजी हाय म्हन्तात. तिला कुणी सांगितलं का?"

मला ठाऊक नव्हते. नोकरीत मला वाटत असे की न्याय आणि दया यांत निवड करावी लागते आणि ती करायला धाडस लागते. या प्रकरणाने माझा तो ताठा मोडला. मी दोन माणसांचा हिशेब घालत बसलो होतो, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या घरात उरलेले माणूस माझ्या एकाही कागदावर नव्हते. मी फाशीच्या विरोधात आहे, आजही ठामपणे आहे. पण ते तिच्यासमोर बसून मला म्हणता येईल का?

चौकशी केली. बाई दौलताबादच्या पलीकडे लेकीकडे राहते. माझ्या घरून अर्ध्या तासाची वाट. मी निवृत्त माणूस, मला वेळच वेळ आहे. अजून गेलेलो नाही.