ओहोटीचे रकाने

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आईला सांगायचं एकदा मनात आलं होतं – पण ती म्हणाली असती, "अगं, नोकरीत असं चालतंच," आणि मला ते ऐकायचं नव्हतं. की तेच ऐकायचं होतं, म्हणून भीती वाटली? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

नौपाड्यात एका छोट्या सल्लागार कंपनीत मी काम करते. गावात जाऊन पाहणी करायची, माणसांशी बोलायचं, अहवाल लिहायचा. सहा वर्षांपूर्वी खाडीतल्या एका बेटाचं काम आमच्याकडे आलं. बेटाचं नाव सांगत नाही, तेवढं पोटात राहू द्या. शनिवार-रविवारी तिथे हौशी लोक जायला लागले होते. म्हणून जेट्टी बांधायची, फिरायला वाट करायची, पक्षी बघायला मचाण उभारायचं – पण बेटावरच्या गावाला झळ लागू द्यायची नाही. शाश्वत पर्यटन. त्यासाठी आधी बघायचं होतं, की बेटाचा कुठला काठ कोण वापरतं, कधी आणि कशासाठी. ते बघणं माझ्याकडे होतं.

दर काठाला एक तक्ता, दर तासाला एक रकाना. रकाना कोरा सोडायचा नाही, ही आमच्या सरांची शिस्त. कुणी दिसलं नाही तर 'निरंक' लिहायचं. कोरी जागा दिसली की साहेब लोक शंका काढतात, निरंक दिसलं की पान उलटतात. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

कोलशेतच्या बाजूने होडी सुटायची ती भरतीच्या पाण्यावर, आणि पाणी उतरायच्या आत परतायची. ओहोटी बघायची तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच अडकून पडायचं. मी चार वेळा गेले, चारही वेळा भरतीलाच. पूर्वेच्या काठावर नुसतं पाणी. माणूस नाही.

त्या काठाला लागून हौसाबायचं घर होतं. साठी ओलांडलेली बाई, बोलायला मोकळी. मला चहा दिला, तक्ता बघितला आणि हसली. "पानी आसताना काय दिसनार तुला? सुकतीला ये, बाय." सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की गावातल्या बाया त्या चिखलात उतरतात, चिंबोऱ्या आणि निवट्या, म्हणजे खेकडे आणि चिखलातले मासे, धरतात, आणि त्यावरच कितीतरी चुली चालतात, असं तिने सांगितलं. चिखलातही जागा ठरलेल्या. तिची जागा सासूकडून आलेली, पुढे सुनेला जाणार. मी मान डोलावत होते. वही पिशवीतच होती, कारण होडीवाला हाका मारत होता. मी म्हटलं, रविवारी येते, दिवसभर थांबते. ती म्हणाली, भाकरी टाकून ठेवते.

रविवारी मी गेले नाही.

का? काहीच झालं नव्हतं. ताप नव्हता, पाहुणे नव्हते. कोपरला माझ्या घरी सकाळी जाग आली, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि दिवसभराचं ते ऊन, तो चिखल, आडोशाला कुठे जायचं हा प्रश्न – सगळं डोळ्यांपुढे आलं. जायचा कंटाळा आला. एवढंच.

मग जेवणाच्या टेबलाशी बसून मी ओहोटीचे रकाने भरले. निरंक, निरंक, निरंक. मध्येच पेन बदललं, जागेवर लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. एका पानावर चहाचे थेंबही पाडले. हे काही कंटाळलेल्या माणसाचं काम नव्हे, हो ना? खोट्याला बरीच मेहनत लागते.

हौसाबायने सांगितलेलं तरी लिहायचं! पण मग सरांनी विचारलं असतं – किती बाया, किती वाजता, फोटो कुठे? निरंकला फोटो लागत नाही.

अहवालात पूर्वेचा काठ 'वापरात नसलेला' ठरला, आणि जेट्टीची जागा तिथेच धरली गेली. पुढे भराव पडला, चिखल गेला. बाया कुठे जातात, मला माहीत नाही. भराव पडल्यापासून मी तिथे पाऊल टाकलेलं नाही. आणि आता दुसऱ्या एका बेटाचं काम आलंय. सरांनी नव्या मुलींना नमुना म्हणून माझाच अहवाल दिलाय. कुणी शंका विचारायला टेबलाशी आलं की मी आधी कपाटाकडे बघते. मूळ तक्ते कपाटात आहेत. कुणी ते उजेडात नीट धरले तर?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, आळस झाला, चूक झाली. मीही स्वतःला इतकंच सांगत आले. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे – मी मघापासून त्याच्याभोवती फिरतेय.

काम सुरू व्हायच्या आधी बेटावरच्या शाळेच्या पडवीत गावाची सभा झाली. सरांनी नकाशा लावला. हौसाबाय उठली. चिडलेली नव्हती, तिला खात्री होती. "ती जागा आमची हाय. या बायला मी सगला सांगलाय, तिनं लिवून नेलाय. इचारा तिला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही. जेट्टी तेव्हा नुसती कागदावरची रेघ होती. हो, सांगितलं होतं, मी लिहिलं नाही – एवढं म्हणायला किती वेळ लागतो? नोकरी गेली असती कदाचित. कदाचित नसतीही गेली.

मी म्हणाले, "माझं यांच्याशी असं काही बोलणं झालेलं नाही. नोंद निरंक आहे."

बाकीच्या बायाही मग बोलल्या, एकदम, एकीवर एक. सर शांतपणे म्हणाले, जेट्टी म्हटलं की सगळ्यांनाच आपली जागा आठवते, आमच्याकडे तासातासाचं लेखी आहे. आणि त्यांनी माझे तक्ते वर धरून दाखवले.

हौसाबाय माझ्याकडे बघत उभी होती. आता शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने शेजारणीकडे वळून हळूच विचारलं, "मंग मी कोनाला सांगला?"

तिने हे खरंच विचारलं होतं. शेजारणीने तिला दंडाला धरून खाली बसवलं.

सभा संपल्यावर तिचा मुलगा माझ्यापाशी आला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, वय झालाय तिचा. काय पन बोलते. मनावर घेऊ नका."

ती त्याच्या मागेच उभी होती. मी म्हटलं, "असू दे, होतं असं."