वहिनीची समुद्रफुलं

दादा शाळेच्या फाटकाशी उभा होता. शिकवता शिकवता वर्ग तसाच सोडून मी धावत गेले, तर त्याने नुसती मान हलवली. आदल्या संध्याकाळी मी पालघरच्या दवाखान्यातून निघाले तेव्हा वहिनीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी 'जा, जेवून घे' अशी तिने हाताने खूण केली होती... कावीळ. तिशीही गाठली नव्हती तिने. आता ती जाऊन काही आठवडे उलटले, पण अजून बोईसरच्या गाडीत बसले आणि उमरोळी स्टेशन मागे पडलं, की वाटतं, वहिनीने चहाचं आधण ठेवलं असेल.

वहिनी साताऱ्याकडची, समुद्र न पाहिलेली. माझ्या थोरल्या भावाला तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली, म्हणून दोघं लहानग्या मुकुंदाला घेऊन बोईसरला दोन खोल्यांत राहायला आली. त्याच पावसाळ्यात मुकुंदाला घटसर्प झाला आणि तो गेला. अडीच वर्षांचा होता. त्यानंतर वहिनी बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, वाढायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. सगळे उपाय थकले तेव्हा दादा एका रविवारी आम्हा दोघींना ओहोटीच्या वेळी तारापूरच्या खडकांवर घेऊन गेला. तिथल्या एका डबक्यात तिला ती फुलं दिसली... फिकट गुलाबी, पाण्याबरोबर डोलणारी. तिने बोट लावलं तशा पाकळ्या आत ओढल्या गेल्या आणि नुसता मऊ गोळा उरला. जवळच एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. ती म्हणाली, "फूल नाय बाय ते, जीव हाय त्यात. न्यायचा तर दगडासकट ने. खरवडलास तर मरंल." वहिनीने दादाकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी स्वतःहून तोंड उघडलं. "नेऊ या?"

दादाने काचेची पेटी करून घेतली आणि खिडकीपाशी ऊन लागणार नाही अशी ठेवली. समुद्राचं पाणी हिंदकळून न सांडता आणता येईल असं घरात भांडं एकच, वहिनीच्या माहेरचा तांब्याचा हंडा. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून दादा कामाच्या ट्रकवरून पाणी आणायचा. वहिनी तो हंडा आधी चिंचेने घासून लख्ख करून द्यायची. "त्यांच्या पाण्याला घाण लागायला नको," म्हणायची. दिवसभर ती वाटीने पाणी उचलून उंचावरून बारीक धारेने पेटीत सोडत बसे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. आणि तरी ती फुलं मरत होती. एक उघडेना, मग दुसरं दगड सोडून पाण्यावर तरंगू लागलं, खोलीभर कुजका वास सुटला. नवी आणली, तीही गेली. वहिनी अधिकच पाणी बदलू लागली, अधिकच हंडा घासू लागली. एकदा रिकाम्या पेटीपुढे बसून मला म्हणाली, "माझ्या हातात काही जगतच नाही, लीला."

मग एक दिवस दादा पालघरला माझ्याकडे आला. कामावरचा एक फिटर पूर्वी मुंबईच्या गोदीत होता. त्याने बोलता बोलता सांगितलं होतं की जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारत, म्हणजे त्याला समुद्रातला कुठलाच जीव चिकटून जगत नाही. दादाचा चेहरा उतरला होता. "ती हंडा जितका घासते तितकं तांबं पाण्यात उतरतंय आणि पाणी विषारी होतंय. हे तिला कळलं तर ती उभी राहणार नाही. तू बोलू नकोस." त्याने घरी सांगितलं, हंडा गळतोय. तो माळ्यावर टाकला आणि नव्या घेतलेल्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांतून पाणी आणायला लागला. पुढची फुलं जगली. वहिनी त्यांना काडीच्या टोकाने कोळंबीचा कण भरवायची, त्यांनी टाकून दिलेलं लगेच काढून घ्यायची. ती हसायला लागली होती...

दिवाळीला मी तिकडेच होते. अभ्यंगस्नानाला पाणी तापवायचं म्हणून वहिनीने, थोडं गळलं तर गळू दे म्हणत, माळ्यावरून हंडा काढून आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. पहाटे ती त्याच्यापुढे उभी. खालची फरशी कोरडी ठक्क.

"हंडा गळत नाही," ती दादाला म्हणाली. "तुम्ही खोटं का बोललात?"

दादाने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, रडली नाही. मग फार हळू आवाजात विचारलं, "मुकुंदाच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला नेलं होतं. तेव्हा ते काय म्हणाले?"

"सांगितलं होतं ना तुला. इलाज नव्हता."

"खरं सांगा."

दादा हंड्याशेजारी खाली बसला. "म्हणाले, उशीर झाला. सकाळी आणायला हवं होतं."

"सकाळी मी त्याला काढा पाजत बसले होते," वहिनी म्हणाली. "तुम्ही कामावरून यायची वाट बघत."

त्या दिवाळीत घरात पणती लागली नाही. मुकुंदाच्या वेळी पाऊस होता, रस्ता दुपारपर्यंत पाण्याखाली होता, सकाळी निघूनही पोचता आलं नसतं, हे आम्ही दोघांनी तिला नाना परींनी सांगितलं. पण ज्याने एकदा लपवलं, त्याच्या बोलण्यावर तिने विश्वास कसा ठेवावा? ती फुलांचं सगळं करायची, स्वतः तारापूरला जाऊन पाणी आणायची. दादाशी मात्र कामापुरतं बोलायची. एका फुलाच्या बुडाशी वाटाण्याएवढं पिल्लू दिसलं, ते सांगायला ती गाडीने पालघरला माझ्याकडे आली. दादाला ते माझ्याकडून कळलं.

दवाखान्यात शेवटी तिने त्यालाच जवळ बोलावलं. मी खाटेच्या पायथ्याशी होते. "मी बरी होणार का?" दादाने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. तो म्हणाला, "डॉक्टरांना आशा नाही गं." तिने डोळे मिटले. मग चाचपडत त्याचा हात शोधला आणि धरून ठेवला. "आज सांगितलंत," एवढंच म्हणाली.

परवा बोईसरला गेले होते. पेटीच्या काचेवर वहिनीने लाल तेलरंगाने एक रेघ ओढलेली आहे. उष्म्याने पाणी आटतं, मीठ मागे राहतं, म्हणून रेघेपर्यंत रोज गोडं पाणी घालायचं, असा तिचा नेम. दादा काचेच्या पेल्याने पाणी घालत होता. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाला, "तिला जगायची आशा होती, लीला. ती मी काढून घेतली का?" पाणी रेघेला टेकलं. आत सगळी फुलं उघडी होती. दादाने हात आवरला आणि पेल्यात उरलेलं पाणी घेऊन तो तसाच उभा राहिला...