चिखलाची लग्नपत्रिका

अत्यंत गांभीर्यानं जाहीर करते, जमल्यास उभं राहून ऐकावं: हर्सूल तलावाचा चिखल जगभर पोचला आहे. तो पोचवणारी मी आहे. हे दुसरं वाक्य मोठ्यानं म्हणायला मला निम्मं आयुष्य लागलं.

पहिल्यांदा तो चिखल मी विभागाच्या हॉलमध्ये नेला, तेव्हा भौतिकशास्त्रात संशोधन करणारी विद्यार्थिनी होते. तलाव आटला की काठचा चिखल फाटतो. वरचा थर सुकून आक्रसतो, खालचा त्याला सोडत नाही, ताण वाढत जातो आणि एका क्षणी भेग पडते. कुठं पडेल, याचं गणित मी मांडलं होतं. मुकुंदवाडीच्या आमच्या घरून रिक्षात, सुकलेल्या चिखलाचा ट्रे मांडीवर घेऊन आले होते. अंगावर नवी साडी.

विभागप्रमुख उठले. माझे मार्गदर्शकही तेच. ट्रेकडं न बघता हॉलला म्हणाले, "चिखल हा यांच्या घरचाच विषय. वडील वीटभट्टीवर होते ना? मग सोपंच गेलं असणार."

हॉल हसला. मोकळेपणानं, चहाच्या आधी हसतात तसा. माझ्या हातातला ट्रे खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

वडील वीटभट्टीवर होते. खरं आहे. सरांनी मला खरं बोलूनच मारलं.

मग शोधनिबंध परदेशी पाठवायची वेळ आली. ज्यानं काम केलं त्याचं नाव आधी, असा साधारण रिवाज. सरांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं. मग दोन सहकाऱ्यांची. त्यांनी तलाव पाहिला होता तो फिरायला जाताना. माझं शेवटी. मी काहीतरी पुटपुटले. सर प्रेमानं म्हणाले, "अगं, लग्नपत्रिकेत वडीलधारे वरच असतात."

निबंध छापून आला त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाची लग्नपत्रिकाही छापून आली. वर आजोबा, चुलते, मामा. तळाला चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' भावानं माझा निबंध पत्रिकेशेजारी धरला. त्या इंग्रजीतली नावं तेवढी त्याला वाचता येत होती.

"आक्का, एवढी लई शिकलीस, आन् तुझं नाव 'यायचं हं'च्या लाईनीत व्हय गं?"

मी हसले. जेवण मात्र गेलं नाही.

आणि मग निबंध जो सुटला! दंतवैद्यांनी वापरला, दातावरचा लेप का तडकतो म्हणून. जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी करणाऱ्यांनी वापरला. डांबरी रस्तेवाल्यांनी, बिस्किटवाल्यांनी सुद्धा. दुसऱ्याच्या निबंधात आपल्या कामाचा असा दाखला आला की त्याला सायटेशन म्हणतात. शास्त्रज्ञाचं वजन त्यावर ठरतं. आधी सरांनी नाक मुरडलं. "दातवाले आणि बिस्किटवाले! हे काय फिजिक्स झालं?" दाखले वाढत गेले तसतसं ते फिजिक्स होत गेलं. सरांचे सत्कार सुरू झाले. एका बॅनरवर तर कुणी 'भेगांचे भाष्यकार' छापलं. मी समोर खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या.

कारण दाखल्यात पहिलं नाव येतं, पुढं दोनच शब्द: 'व इतर'.

ती मी. जन्मभर आम्ही इतर. आता दातांत इतर, रस्त्यांत इतर, बिस्किटांतही इतर!

यंदा दुसरा निबंध तयार झाला. मी त्याच विभागात सहयोगी प्राध्यापक झाले होते. चिखल पुन्हापुन्हा भिजला, सुकला की भेगा आपली जुनी वाट सोडतात, त्याचं हे गणित. काम माझं एकटीचं. सर निवृत्तीला टेकलेले, आणि माझ्या बढतीचा अहवाल त्यांच्या सहीसाठी अडकलेला.

विभागाच्या बैठकीत चष्मा पुसत ते म्हणाले, "नावं मागच्याच क्रमानं घ्या. तुमचा अहवालही लगेच करून टाकू."

कुणी वर बघितलं नाही. बिस्किटांची बशी हातोहात फिरत होती. बढती, पगार, पोरीचं कॉलेज. खालचा थर घट्ट धरून होता. मी बशी पुढं ढकलली आणि उभी राहिले. सही नको. सहयोगी म्हणूनच रिटायर होईन. इतर म्हणून होणार नाही.

भाषण मी घरून तयार करून आणलं होतं, शुद्ध, टिपणांसह. तोंडातून निघालं ते मुकुंदवाडीचं:

"सर, ह्या टायमाला लग्न माझंय. तुम्ही जेवायला यायचं हं!"