मेलेला नट उठून बसला

इस्त्री तापली, तिच्यावरची धूळ जळाली आणि त्या वासासरशी मी वर्ध्याच्या फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन बसले. तिथला प्रोजेक्टर असाच वास सोडायचा.

लहानपणी एका संध्याकाळी तिथे एका सर्बियन नटाचा सिनेमा होता. भाषा कुणालाच कळत नव्हती. गोळी लागून तो बर्फात कोसळला, तेव्हा माझे कारकून बाबा तोंडाला रुमाल लावून रडले. पुढचं रीळ लागलं, तर तोच नट मांडीवर पोर घेऊन हसत बसलेला.

"पाह्य व, जित्ता झाला!" बाबांनी माझा हात दाबला.

रिळं उलटसुलट लागली होती, असं ऑपरेटरने नंतर सांगितलं. बाबांनी मानलंच नाही. पुढे त्या नटाचे म्हातारपणचे सिनेमे मी त्यांना मोबाइलवर दाखवायची. तो मेला की बाबा म्हणायचे, "थांब, आता उठते तो."

काल तो नट खरंच गेल्याची बातमी वाचली. बाबांना जाऊन वर्ष झालं. त्यांचा सदरा कुणाला तरी द्यायचा म्हणून इस्त्री केला, बाह्या छातीवर दुमडून पलंगावर ठेवला आणि उगाच थोडा वेळ थांबले.