चोराच्या सुरीचा वण

आमचे हे न्हावी. हातात कात्री, आणि तोंडाला कुलूप नाही. उजव्या बरगडीखाली चार बोटांचा वण आहे, त्याची कथा दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ: अंगावर सुरी घेऊन आलेला चोर, आणि यांनी नुसत्या वस्तऱ्यानं त्याला पळवून लावलेलं. तो चोर दर वर्षी इंचभर उंच व्हायचा. लग्नाआधी मीही भाळले होते हो, खोटं कशाला बोलू!

पहिला मुलगा झाला. तिसऱ्या आठवड्यात पाजलं की दूध पिचकारीसारखं थेट भिंतीवर, आणि लगेच पोर भुकेनं पुन्हा रडायला मोकळं. शेजारच्या काकूंनी निकाल लावला, "तूच काहीतरी खातेस." मी तिखट सोडलं, आंबट सोडलं, उरला कोरडा भात. तरी पोराचे गाल बसतच चालले. हे गप्प. एवढा बोलका माणूस चार दिवस गप्प, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

वजन घटलेलं पाहून डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं फिरवली. बोराएवढी गाठ लागली. "जठरातून दूध पुढे जातं ना, त्या तोंडाचा स्नायू जाड झालाय. वाटच अरुंद झालीय."

"माझ्या खाण्यानं?"

"छे! नेमकं कारण कुणालाच सापडलेलं नाही. पहिल्या मुलग्यांत जास्त दिसतं, घरात आधी कुणाला झालं असेल तर आणखीच. आहे कुणी?"

यांनी सदरा वर केला. "मी. महिन्याचा असताना."

"आणि चोर?" मी विचारलं.

"दूध ओकायचो म्हणून कापलं, असं सांगू गिऱ्हाइकांना?"

असा संताप आला! मी कोरडा भात गिळतेय, पोर वाळतंय, आणि हा बाबा अब्रू सांभाळत बसलाय! "अहो, तोंड उघडलं असतंत तर!" हे हमसून रडायला लागले. मग मीच पदरानं यांचे डोळे पुसले.

आधी सलाईन, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्यानंतर पोर चमचाभर दूध प्यायलं. मी सवयीनं भिंतीकडे बघत बसले. कोरडी होती.

महिन्याभरानं पोराला घेऊन दुकानात गेले, तर खुर्चीतला माणूस चोराचंच विचारत होता. यांची कात्री थांबली.

"चोरबीर कुणी नव्हता. तान्हा होतो, दूध टिकत नव्हतं. आईनं माझ्यासारखे चार दिवस घालवले नाहीत, म्हणून वाचलो."

मी पोर यांच्या हातात दिलं. चिडवायला उद्याचा दिवस होताच.