भाऊबीजेला मी घरीच होतो

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तो विषय आम्ही दोघं टाळतो. तुम्हाला सांगायचं तर कुठून सुरू करू? टीव्हीपासून — की माझ्या फुशारकीपासून?

मी खर्डीजवळ राहतो, हायवेवरच्या एका कारखान्यात कामाला. त्या दिवाळीत बोनस हातात पडला आणि मी शहापूरच्या बाजारात सुटलोच. भिंतभर टीव्ही, मुलीला नवे ड्रेस, पिशवीभर फटाके. मधे ताईची आठवण आली होती — खोटं कशाला बोलू? "या टायमाला तुला पैठणी घेतो," असं मीच तिला फोनवर म्हटलं होतं. साड्यांच्या दुकानावरून गेलो आणि मनाला गप्प केलं. बघू नंतर! त्या दिवशी मला कसलीच रुखरुख नको होती. भाऊबीज आली तेव्हा खिशात काहीच उरलं नव्हतं.

ताई माझी मोठी बहीण. मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला दिलेली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं; मला बाळू म्हणायची. दर भाऊबीजेला गाड्या बदलत यायची, नव्या भाताचे पोहे घेऊन.

त्या दिवशी बायको ओट्यावरून म्हणाली, "ताय आली बघा." आणि मी — मी शिडी चढून माळ्यावर गेलो. "सांग, कंपनीत बोलावलंय," एवढंच म्हणालो.

"सणाला पन सुटी नाय देत गो?" खालून ताईचा आवाज आला. दमलेला.

फळ्यांच्या फटीतून तिचं डोकं दिसत होतं. इतकं पांढरं कधी झालं? टीव्हीकडे बघून ती म्हणाली, "बरं केलं. बाळूला लय हौस." दोन घास खाल्ले आणि आडवी झाली. ताई दिवसा कधी आडवी व्हायची नाही. मला तेव्हाच कळायला नको होतं?

निघताना म्हणाली, "त्याला सांग, जरा बोलायचं व्हतं. फोनवर नाय."

तेव्हा तरी उतरायचं होतं. फार तर काय झालं असतं? ती हसली असती, पाठीत धपाटा घातला असता, ओवाळलं असतं. मी उतरलो नाही. नंतर फोनही केला नाही — पैठणीचा विषय निघेल म्हणून.

होळीच्या आधी भावजींचा फोन आला. ताई गेली होती.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. भावजी म्हणाले, "पोटात गाठ व्हती. दिवाळीच्या आधीपासनंच दुखत व्हतं. मी म्हनलं, ठान्याला दाखवू. तर म्हने, बाळूला घेऊन जाऊ, त्याला कळतं. तेच सांगायला आलेली तुझ्याकडं. परत आली तर म्हने, त्याला सणालाही सुटी नाय, कशाला तरास द्यायचा? मंग राहूनच गेलं."

मी रडत होतो. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुझा काय दोष रे? तू तं कामावर व्हतास."

मी मान हलवली. सगळ्यांसमोर — हो म्हणून.

मी कामावर नव्हतो. ती जेवत होती तेव्हा मी तिच्या डोक्यावर, फळीच्या पलीकडे, श्वास रोखून बसलो होतो.