कमलच्या लेकीचं लग्न आणि मशीनचा फेस

मशीनच्या खालून फेस यायला लागला तेव्हा बाहेर लॉनवर भटजी मुलीच्या मामांना पुकारत होते. म्हणजे मंगलाष्टकं आता सुरू होणार. अक्षता पडल्या की लगेच पंगत. आणि पंगतीची ताटं माझ्यापाशी, साबणाने बुळबुळीत.

मी कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्टीवर्डिंग सुपरवायझर आहे. नाव भारदस्त, काम भांड्यांचं. किचनच्या मागच्या खोलीत आमचं भांडी धुण्याचं मोठं मशीन आहे. खरकटं काढायचं, ताटं प्लास्टिकच्या रॅकमध्ये उभी लावायची, रॅक आत सरकवायचा आणि वरचं झाकण, ज्याला आम्ही हूड म्हणतो, ते खाली ओढायचं. आत गरम पाण्याचे फवारे जोरात बसतात, शेवटी त्याहून कढत पाणी फिरतं. मिनिट-दोन मिनिटांत ताट लख्ख.

हे मशीन कमल चालवते. ती खालापूरकडच्या गावातली. मशीन आलं तेव्हापासून तिच्याच हातात आहे. आमच्या लॉनवर इतकी लग्नं लागली, पण तिने एकही धड पाहिलेलं नाही. मशीनच्या घरघरीतून मंगलाष्टकं ऐकू येतात, तेवढीच. तिच्या पूनमचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांनी आठवड्याच्या मधल्या वारी रिकामं असलेलं लॉन तिला देऊन टाकलं. मी कमलला दम भरला, "त्या दिवशी या खोलीत पाय ठेवलास तर याद राख. मुलीच्या आईसारखं मांडवात मिरवायचं."

"मग मशीन कोण चालवल?"

"मी."

ती हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नव्हतं.

सकाळी वऱ्हाडाचा नाष्टा झाला. गावाकडून माणसं अंदाजापेक्षा बरीच जास्त आली होती, म्हणून नाष्ट्याची ताटं धुऊन तीच जेवणाला लावायची होती. माझा सगळा स्टाफ पाहुणा म्हणून नटूनथटून बाहेर. आत मी एकटी. तेवढ्यात कमलची जाऊ, सुमन, भावकीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन मागच्या दाराने आली. पदर खोचलेलेच होते.

"आमच्या घरचं कार्य हाय, बाई. भांड्यांना आमी नाय बसायचं तर कोनी?"

त्यांच्या गावात लग्नाची भांडी भावकीतल्या बायकाच घासतात. तो त्यांचा हक्क. मी कोण नाही म्हणणार? म्हटलं, "फक्त खरकटं काढा आणि माझ्याकडे द्या." त्या अंगणातल्या नळावर बसल्या आणि ताटं यायला लागली. आहाहा. इतकी स्वच्छ ताटं या खोलीत कधी आली नव्हती. मी रॅकवर रॅक मारत सुटले आणि कमलच्या त्या हसण्याला मनातल्या मनात उत्तर देत राहिले.

मग फेस आला. आधी हूडच्या कडेने, मग खालून, मग फरशीवर. मशीनचा आवाज बसला. बाहेर निघालेल्या ताटावर हात फिरवला तर बोट सरकलं.

किचनमधून शेफ धावत आला. फेस बघून त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, कमलला हाक मारा. पाच मिनिटांचं काम आहे तिचं."

"ती लेकीजवळ उभी आहे."

"पंगत वरपक्षाची आहे, मॅडम. ताटं नसली तर नाव कुणाचं जाईल? तिचंच."

बोलत होता ते खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, "कमलला कुणी हाक मारली तर त्याला मी या मशीनमध्ये घालीन." आणि बटण बंद केलं.

ताट नाकाशी नेलं. लिंबाचा वास. आमच्या मशीनच्या धुण्याच्या औषधाला वास नसतो आणि त्याचा फेसही होत नाही, ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. घरचा साबण त्या जोराच्या फवाऱ्यात गेला की ताक घुसळल्यासारखा फेसाळतो. पंप पाण्याऐवजी फेसच ओढतो आणि फवाऱ्यातला जीव जातो. मी दारात गेले.

"साबण कुणी लावला?"

सगळ्यांनी सुमनकडे पाहिलं. मग सुमन म्हणाली, "आमीच लावला. उष्टी ताटं तुमच्या हातात कशी द्यायची? लाज नाय वाटत व्हय?"

म्हणजे त्यांनी ताटं घासून, धुऊन मग मला धुवायला दिली होती. मला हसू फुटलं, मग त्यांनाही.

टाकीचं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं. जाळी धुतली. शेफकडून व्हिनेगर मागवलं, त्याने उरलासुरला फेस बसतो. बाटली देताना शेफ घड्याळाकडे बघत होता. मशीन एकदा रिकामं फिरवलं, पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा भरलं. आता पाणी तापायला वेळ लागणार होता. त्याला इलाज नाही, मशीनवरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत बसायचं.

"सुमनताई, तोवर साबणाची ताटं नुसत्या पाण्यातून काढा. नुसत्या. शपथ घाला एकमेकींना."

त्यांनी नळापासून दारापर्यंत रांग केली. ताटं हातोहात फिरायला लागली आणि एकीने धवला सुरू केला, त्यांच्याकडे लग्नात बायका गातात ते गाणं. बाहेर मंगलाष्टकं, आत धवला, मध्ये मी काट्याकडे बघत उभी.

काटा चढला. पहिला रॅक बाहेर आला, वाफाळता. ताट बोटाखाली करकरलं. सुमनने हात लावला आणि चटकन मागे घेतला. "पुसायला नाय लागत?"

"कढत असतं, आपोआप सुकतं."

"आन हे कमळी रोज करते," ती म्हणाली आणि रॅक उचलून स्वतः शेफकडे घेऊन गेली. बाहेर बँड वाजला. अक्षता पडल्या होत्या. वरपक्षाच्या पंगतीला गरम ताटं गेली, आणि मला इतका आनंद झाला की मी शेफला सॉरी म्हणाले.

दुपारी पंगती उठत आल्या तेव्हा दार ढकलून कमल आत आली. नवी हिरवी साडी, केसांत अजून अक्षता. हातात एकच ताट.

"तुला काय सांगितलं होतं?"

"कामाला नाय आले, मॅडम. पूनम आन जावई एका ताटात जेवले. त्यांचं ताट मीच मशीनला लावणार."

तिने खरकटं काढलं. मागून सुमन हळूच म्हणाली, "जरासा साबन लाव गं." कमलने तिच्याकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेच हसणं. पण हूड खाली ओढला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "सगळं बघितलं, मॅडम," ती म्हणाली. "पयल्या अक्षतेपासून."

हल्ली नवीन माणूस आलं की मी त्याला दोनच गोष्टी शिकवते. मशीनला ताट उष्टंच द्यायचं. आणि ज्याच्या घरी कार्य आहे त्याला मशीनजवळ फिरकू द्यायचं नाही. आलाच, तर एका ताटापुरता.